मले सापडलं पाह्यजे

अंबिया बहाराची संत्री व्यापाऱ्याला दिली की आमच्या गावात दोन-चार लॅपटॉप येतात. इसाराच्या पैशातून आधी कृषी केंद्राची उधारी फिटते, मग सोसायटीचं काहीतरी, आणि त्यातून उरलंच तर पोराचं किंवा पोरीचं नाव निघतं. नवा कोरा लॅपटॉप क्वचितच. बहुतेक अमरावतीहून आणलेले, कुठल्यातरी ऑफिसात चार-पाच वर्षं राबून आलेले, चार जीबी रॅमचे, बॅटरी नावापुरती. गाव मोर्शी तालुक्यातलं. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका आहे आणि कॉलेजातून परतल्यावर सांजच्याला मी तिथं बसतो. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससीवाले एका भिंतीला. अमरावती-अकोल्याला शिकणारे, सुट्टीत घरी आलेले दुसऱ्या भिंतीला. लॅपटॉप आला की आठवड्याभरात प्रश्न येतोच : सर, नोट्ससाठी कोणतं सॉफ्टवेअर टाकू?

यूट्यूबवर या प्रश्नाची उत्तरं ढिगानं आहेत. पांढरंशुभ्र टेबल, बाजूला कॉफी, पडद्यावर रंगीत शीर्षकं. ती उत्तरं चुकीची नाहीत. पण सांगणाऱ्याच्या घरची वीज जात नाही, नेट तुटत नाही, तो पहिलीपासून इंग्रजीत शिकलाय आणि त्याच्या नोट्स त्याच्या एकट्याच्याच आहेत, हे चारही त्यात न बोलता धरलेलं असतं. आमच्याकडे यातलं एकही खरं नाही. चौथं तर बिलकूलच नाही.

नोट्स इथं एकट्याच्या नसतातच. माझ्याकडे बारावीला असलेल्या एका मुलीच्या जीवशास्त्राच्या वह्या ती शिकून, लग्न होऊन गेल्यावरही गावात फिरत होत्या. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून तिनं पेन्सिलीनं काढलेलं नेफ्रॉन राखाडी डाग होऊन गेलं, तरी पोरं त्या डागाला नावं देत होती. मोठ्या बहिणीची वही धाकट्या भावाला, त्याची आतेभावाला, असा हा माल हातोहात जातो. मग एखादा मुलगा लॅपटॉपवर सुरेख नोट्स काढतो, आणि पुढच्या वर्षी धाकट्याला द्यायची वेळ आली की म्हणतो, माझ्या खात्यात आहेत, तुला लॉगिन देऊ का?

माझी भाची कृषी महाविद्यालयात आहे. तिनं हा प्रश्न विचारला तो मात्र वेगळ्या तऱ्हेनं. "मामा, मले रंगरंगोटी नोको. मले सापडलं पाह्यजे, अन् कोनाले देता आलं पाह्यजे." इतकी वर्षं मुलांना उत्तरं देतोय, पण यापेक्षा चांगलं माप मला सुचलं नव्हतं. त्याला मी फक्त एक जोड दिली : नेट नसताना उघडलं पाहिजे.

सापडणं म्हणजे काय, तेही तिच्याकडूनच कळलं. तिचे बाबा बगीच्यातून फोन करतात, बोर्डोत चुना किती टाकायचा? संत्र्याच्या झाडांना डिंक्या रोग लागलेला असतो, बोर्डो हे त्यावरचं बुरशीनाशक, समोर ड्रम भरलेला असतो, आणि पोरगी कृषीला आहे म्हटल्यावर तिला हे आलंच पाहिजे. एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. खोडाला लावायचा मलम वेगळा, त्यात पाणी १० लिटरच. हे तिनं लिहिलेलं असतं. प्रश्न एवढाच असतो की बाबा फोनवर थांबलेले असताना ते निघतं की नाही.

सध्या मुलं नोट्स कुठं ठेवतात ते आधी प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे बाकीची चर्चा हवेत राहणार नाही. व्हॉट्सअॅपवर. दोन मित्रांना घेऊन ग्रुप काढायचा, मग त्यांना काढून टाकायचं, की आपला एकट्याचा ग्रुप उरतो. आता तर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय तिथंच आहे, पण जुनी पोरं अजून ग्रुपवालीच. त्यात फळ्याचे फोटो, सरांच्या पीडीएफ, आवाजातले मेसेज, मध्येच किराण्याची यादी. मी याला नावं ठेवत नाही. टॉवरची एक काडी असली तरी चालतं, आईच्या फोनवरूनही पाठवता येतं. फक्त फोटोतलं अक्षर तिथं शोधून निघत नाही आणि फोन बिघडला की सगळं त्याच्यासोबत जातं. गावातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं नोट्सचं सॉफ्टवेअर हेच आहे, आणि नव्याला टक्कर द्यायची आहे ती याच्याशी.

लॅपटॉपवर पहिलं नाव निघतं ते वननोटचं. मायक्रोसॉफ्टचं, २००३ पासूनचं, आणि २०१४ पासून सगळ्यांना फुकट. त्याची मजा म्हणजे पान कुठूनही लिहायला मोकळं असतं : इथं परिच्छेद, तिथं चित्र, बाजूला बाण. जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ते आवडणारच. किडीच्या अवस्था, फुलाचा उभा छेद, मूळ आणि त्यावरच्या गाठी, हे सगळं ओळीत बसणारं नसतं. ज्याच्याकडे स्पर्शाचा पडदा आणि पेन आहे त्यानं मला विचारूच नये, वननोट घ्यावं. पण आमच्या जुन्या मशीनवर ते दमतं. शिवाय आतला मजकूर त्याच्या स्वतःच्या घडणीच्या फाइलीत राहतो, दुसऱ्या साध्या प्रोग्रॅमनं तो उघडत नाही. पीडीएफ काढून देता येते, पण पीडीएफ दिलेल्या पोराला त्यात आपली भर घालता येत नाही. आणि आमच्याकडे वही पुढं जाते ती समासात भर पडत पडतच.

नोशन पोरींना फार आवडतं. दिसायला देखणं आहे, तक्ते छान होतात, वेळापत्रक होतं, पुस्तकांची यादी होते. माझी तक्रार अशी की ते सजवण्यातच संध्याकाळ जाते. महाविद्यालयाचा ईमेल असेल तर त्याची एरवी पैसे पडणारी योजना विद्यार्थ्याला फुकट मिळते. आमच्या भागातल्या किती कॉलेजांनी मुलांना असा ईमेल दिलाय, ते मुलांनाच विचारा. अनेक वर्षं ते नेटशिवाय नीट चालतच नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ती सोय आली, पण फुकटवाल्याला हवं ते पान आधी ऑफलाइन म्हणून निवडून ठेवावं लागतं. वीज कधी जाणार आणि तेव्हा कोणतं पान लागणार, हे आधीच ठाऊक असेल तर प्रश्नच मिटला.

एव्हरनोटचं नाव आता नवीन पोरं घेत नाहीत, पण त्याची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. २००८ मध्ये आलं, जगभरच्या लोकांनी त्यात वर्षानुवर्षांचं लिहून ठेवलं. मग २०२३ च्या सुरुवातीला ते एका इटालियन कंपनीकडे गेलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्याला नव्यानं मर्यादा आली : ५० नोट्स आणि एकच वही. आधीचं लिहिलेलं कुणी पुसलं नाही, ते वाचता येत होतं. पण पुढं लिहायचं तर पैसे भरा. कंपनीनं लबाडी केली असं मी म्हणत नाही, धंदा आहे तिचा. दुसऱ्याच्या गोदामात आपला माल ठेवला की भाडं किती ते गोदामवाला ठरवणार. ५० नोट्स म्हणजे आमच्या भाचीचं एक सत्रसुद्धा नाही.

आता मी मुलांना काय सांगतो ते. नोट म्हणजे साधी मजकुराची फाइल असावी, ती आपल्याच लॅपटॉपवर आपण नाव दिलेल्या फोल्डरमध्ये असावी, आणि ती नोटपॅडमध्येही उघडावी. एवढं जमलं की वर कोणतं सॉफ्टवेअर चढवायचं हा आवडीचा भाग उरतो. ऑब्सिडियन असं आहे : २०२० मध्ये आलं, स्वतःच्या वापराला फुकट, आणि लिहिलेलं सगळं आपल्या फोल्डरमध्ये मार्कडाउन नावाच्या साध्या पद्धतीत ठेवतं. मार्कडाउन म्हणजे फार काही नाही. ओळीच्या आधी शिडीचं चिन्ह (#) आणि एक जागा सोडली की मथळा, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की ठळक. २००४ पासून हे चालत आलंय. उद्या ऑब्सिडियनची कंपनी बंद पडली तरी फाइली जागच्या जागी राहतात. जॉपलिन त्याच्या शेजारचं, त्याचा कोडही खुला आहे. ते स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहितं, पण सगळं मार्कडाउन करून एका फटक्यात बाहेर देतं, आणि ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा पेन ड्राइव्हवरच्या नुसत्या फोल्डरशीही जुळवून घेतं. चार जीबी रॅममध्ये दोन्ही चालतात. सोबत क्रोमच्या वीस खिडक्या उघड्या ठेवल्या तर कोणीच चालणार नाही.

हे दोन सुचवायला आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं थांबवला. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांत आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर आहेत, त्यांना विंडोज ११ रीतसर चढत नाही. आज ना उद्या कोणीतरी त्यावर लिनक्स टाकून देईल. ऑब्सिडियन आणि जॉपलिन दोन्ही लिनक्सवर बसतात. वननोट तिथं फक्त ब्राउझरमधून, म्हणजे परत नेट आलंच.

इथवरचं सगळं कुठल्याही भाषेतल्या पोराला लागू आहे. मराठीत लिहिणाऱ्याचा खरा घोळ पुढं सुरू होतो.

पहिला घोळ फॉन्टचा. तालुक्याच्या डीटीपीच्या दुकानातून टाइप करून आणलेली फाइल घरी उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो, हे ज्यानं पाहिलं नाही असा विद्यार्थी इकडं नसेल. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात ती इंग्रजीचीच अक्षरं, फॉन्ट त्यांना वरून मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. त्यात ‘चुना’ शोधला तर सापडत नाही, कारण आत चुना नाहीच. नोट्स युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठीच साठतं, हा माझा एकमेव हट्ट. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटवणारा, आतच आहे, बाहेरून काही आणायला लागत नाही. ज्यांना इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा कीबोर्ड येतो त्यांनी तो सोडू नये, वेग त्यातच आहे. टंकलेखनाची ‘मराठी ३०’ ची, म्हणजे मिनिटाला ३० शब्दांची, परीक्षा पास झालेली आमच्या गावातली मुलगी लॅपटॉपवर लिहायला बसली की बाकीचे हात थांबवून बघत बसतात.

दुसरा घोळ बारीक आहे आणि तो जास्त छळतो. वऱ्हाड हा शब्द घ्या. किंवा शेतकऱ्यांना, जो कृषीच्या नोट्समध्ये पानोपानी येतो. यातला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, आणि मध्ये डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. भाची लॅपटॉपवर एका तऱ्हेनं लिहिते, फोनचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेनं. मग शोधायला ‘शेतकऱ्यांना’ टाकलं की निम्म्या नोट्स येतात, निम्म्या येत नाहीत, आणि माणूस समजतो आपण लिहिलंच नव्हतं. उपाय गावठी आहे : शोधताना ‘शेतक’ एवढंच टाकायचं.

हाच उपाय तिसऱ्या घोळालाही लागतो. इंग्रजीत कॉटन सगळीकडे कॉटनच असतं. आपला कापूस मात्र प्रत्यय लागला की कापसावर, कापसाचा होतो, मोरचूद मोरचुदाचा होतो, बोंडअळीच्या बोंडअळ्या होतात. सॉफ्टवेअरला आपलं सामान्यरूप कळत नाही. ‘कापूस’ शोधलं तर ‘कापसावरील गुलाबी बोंडअळी’ निघणार नाही. म्हणून भाचीनं एक रीत पाडली आहे : प्रत्येक नोटच्या शेवटी एक ओळ, तीत बिनप्रत्ययाचे शब्द. कापूस, बोंडअळी, कामगंध सापळा, आणि सोबत त्यांची इंग्रजी नावं देवनागरीत. वर मजकुरात कसंही लिहिलेलं असो, पतंगांना वासानं ओढणाऱ्या त्या सापळ्यात सलग तीन दिवस ८ ते १० पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हे वाक्य आता चार सेकंदांत निघतं. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. असं नाव दिलं की फोल्डर आपोआप तारीखवार लागतं. ही शिस्त कोणतंही सॉफ्टवेअर विकत देत नाही.

आमच्याच तालुक्यात रिद्धपूर आहे. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालंय म्हणून बाहेरच्यांना नाव कळायला लागलं. पण नोट्सचा विषय निघाला की मला रिद्धपूर वेगळ्या कारणानं आठवतं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, रिद्धपूर महानुभाव पंथाचं केंद्र असताना, म्हाइंभटांनी पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी ज्याच्या-त्याच्याकडे जाऊन, विचारून, लिहून काढल्या. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. इतक्या मेहनतीनं गोळा केलेल्या नोंदींची मूळ प्रत पुढं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत, परचक्रात गेली. ज्यांना पाठ होतं त्यांच्या तोंडून ती पुन्हा उभी केली. म्हणून तर तिचे निरनिराळे पाठ आहेत. पुढं महानुभावांनी पोथ्या जपण्यासाठी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या केल्या. पोथ्या जपल्या गेल्या खऱ्या, पण ती लिपी न येणाऱ्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांच्यातलं काही वाचता आलं नाही. त्यांच्याकडे तसं करायला कारण होतं, श्रद्धेचं आणि भीतीचंही. आमच्या पोरांच्या बोर्डो मिश्रणाला अशी लिपी कशाला पाहिजे, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

एकच प्रत ठेवू नका, हेही मी तिथूनच उचललं. लॅपटॉपवर एक, पेन ड्राइव्हवर एक, आणि अमरावतीला होस्टेलवर नेट असेल तेव्हा ऑनलाइन एक. पेन ड्राइव्हबद्दल एक सूचना : झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला तो लावायचा असेल तर नोट्सचा ड्राइव्ह लावू नये, प्रिंटसाठी वेगळा ठेवावा. आपले फोल्डर गायब आणि जागी त्यांचे शॉर्टकट, हा आजार मुलं तिथूनच घरी आणतात.

हातानं लिहावं की टाइप करावं, यावर अभ्यासिकेत दर पंधरवड्याला भांडण होतं. २०१४ मध्ये म्यूलर आणि ओपनहायमर या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं होतं की लॅपटॉपवाले विद्यार्थी ऐकलेलं शब्दशः उतरवतात आणि समजुतीच्या प्रश्नांत मागं पडतात. तो शोध सगळीकडे गाजला. पुढं २०२१ मध्ये तोच प्रयोग दुसऱ्यांनी करून पाहिला तेव्हा शब्दशः उतरवणं तसंच दिसलं, पण गुणांतला फरक ठामपणे उभा राहिला नाही. आमच्याकडे तर सर डिक्टेट करतात, म्हणजे वहीतही शब्दशःच. तेव्हा मी भांडणात पडत नाही. गणितं, रासायनिक रचना, आकृत्या कागदावर काढाव्यात, फोनवर फोटो घ्यावा, आणि तो फोटो नोटमध्ये चिकटवून खाली दोन ओळी टाइप कराव्यात, म्हणजे शोधताना निघेल. परीक्षा शेवटी पेननंच द्यायची आहे. हल्ली बऱ्याच सॉफ्टवेअरांत सारांश काढून देणारं यंत्रही बसवलेलं असतं. सारांश चांगला असतो, पण तो काढताना जे डोक्यात बसायला हवं होतं ते यंत्राच्याच डोक्यात राहतं.

स्पर्धा परीक्षेवाल्यांचं थोडक्यात : त्यांना चालू घडामोडी महिनावार आणि पुन्हा विषयवार दोन्हीकडून लागतात, त्यांनी ऑब्सिडियनमधले एका नोटमधून दुसरीत जाणारे दुवे शिकून घ्यावेत. दुव्यांचं ते तारामंडळ दाखवणारं चित्र मात्र बघत बसू नये. त्यातून आजवर कोणाला पोस्टिंग मिळालेली नाही.

भाचीनं शेवटी ऑब्सिडियन घेतलं, त्यातलं एकही जादा प्लगइन न टाकता. फोल्डरला नाव दिलंय ‘कृषी’, आत सत्रवार फोल्डर. तिच्या मैत्रिणीला त्याचा काळा पडदा आवडला नाही म्हणून ती जॉपलिनवर आहे. दोघी एकमेकींच्या फाइली बिनदिक्कत उघडतात. माझा धाकटा भाचा, तिचा मावसभाऊ, यंदा तिच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला लागलाय. परवा तो पेन ड्राइव्ह घेऊनच अभ्यासिकेत आला. फोल्डर दोनशे एमबीचं, फोटोंसकट. द्यायला दोन मिनिटंही लागली नसती.

"देतो ना," भाची म्हणाली, "पन माही परीक्षा होऊ दे आंधी. अन् मृदाशास्त्रात तूही भर घालशीन तं."

तो म्हणाला, आधी दे, मग भर घालतो. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी हजेरीची वही काढली.